चौथी चाल : कोणतीही

जिंकलेला माणूस माझ्याकडे कधी येत नाही. तो पेढे घेऊन नातेवाइकांकडे जातो. माझ्याकडे येतो तो हरलेला, आणि येताना हातात घामानं मऊ झालेला एक कागद असतो. त्या कागदावर त्याच्या आणि समोरच्याच्या सगळ्या चाली ओळीनं लिहिलेल्या असतात. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला आपला डाव असा लिहावाच लागतो. मग मी पट मांडते, तो डाव पहिल्यापासून पुन्हा खेळून दाखवायला लावते आणि कुठं माती खाल्ली ते शोधून देते. खेळाडू याला ॲनालिसिस म्हणतात. आमच्या घरी त्याला चिरफाड म्हणतात.

शाळेत गणित शिकवत होते तेव्हापासून रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर हा उद्योग चालतो. शाळा सुटली, पण हा नाही सुटला. तीस वर्षं झाली असतील. आता मोबाईलमधलं यंत्र अर्ध्या सेकंदात चूक सांगतं, मग बाई कशाला, असं लोक विचारतात. यंत्र चूक सांगतं हो, पण रागावत नाही. आणि आमच्या सोलापुरातल्या माणसाला कुणी रागावल्याशिवाय आपण चुकलो हे पटतच नाही.

गिऱ्हाइकं एकेक भारी. एक निवृत्त इन्स्पेक्टर यायचे. ते चिरफाड नव्हे, खातेनिहाय चौकशी करायचे. पटावरच्या घोड्याकडे बोट रोखून विचारायचे, "याला तिथं जायला कुणी सांगितलं?" मी म्हणायची, "तुम्हीच नेलात." तर म्हणायचे, "ते नंतर बघू. आधी याचा जबाब घ्या." एक आई मुलाच्या डावाचा कागद घेऊन आली आणि म्हणाली, समोरचा मुलगा नशिबानं जिंकला असं तुमच्या सहीनं लिहून द्या, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचंय. मी लिहून दिलं, "समोरच्या मुलाचं नशीब थोर, की त्याला हा प्रतिस्पर्धी मिळाला." ती बाई पुन्हा फिरकली नाही.

माझे नियम साधे होते. चिरफाडीत हरलेल्यानं आधी बोलायचं. मग दोघांनी खुर्च्या बदलायच्या. पांढऱ्यानं काळ्याच्या जागी बसायचं आणि काळ्यानं पांढऱ्याच्या. दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय माणसाला आपलं ध्यान कसं दिसतं ते कळत नाही. तिसरा नियम असा, की "हे माझ्या लक्षात आलं होतं" असं कुणी म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं आत जाऊन माठातलं पाणी सगळ्यांना आणून द्यायचं. एप्रिल-मे महिन्यात या नियमावर ओसरीचं उत्तम भागायचं.

आणि एक चौथा नियम होता. तो मी कधी सांगितला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. चिरफाड सहाव्या चालीपासून सुरू व्हायची. पहिल्या पाच चाली म्हणजे ओपनिंग, डावाची सुरुवात. ती मीच शिकवलेली. म्हणजे ती बरोबरच असणार. त्यात काय बघायचं? कुणी सहाव्या चालीला एक घोडा कमी घेऊन बसलेला दिसला, की मी म्हणायची, "आधीच घोडा घालवून बसलास? निष्काळजी मेला!" आणि पुढं चालू.

आता त्या पाच चालींबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे. घाबरू नका, सोपं आहे. पांढरा आणि काळा दोघंही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतात. पांढऱ्याचा घोडा बाहेर येतो, मग उंट येतो. काळा वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवतो आणि त्याचा उंट येऊन त्या घोड्यावर अशी नजर ठेवतो, की घोडा हलला तर मागं उभा असलेला पांढऱ्याचा वजीर फुकट मरेल. पांढरा दुसरा घोडाही काढतो. आणि पाचव्या चालीला पांढरा तोच पहिला घोडा खुशाल हलवतो, मधलं प्यादं मारतो आणि वजीर उघडा टाकून देतो! काळा हावरट असेल तर वजीर मारतो. मग पांढऱ्याच्या उंटाचा शह, राजा एक घर पुढं, दुसऱ्या घोड्याचा शह, आणि मात. वजीर काळ्याच्या हातात आणि राजा सरणावर.

ही करामत मी तरुणपणी एका स्पर्धेत उभ्या उभ्या पाहिली होती आणि घरी येऊन वहीत उतरवली होती. काळ्यानं चौथी चाल काय केली ते मात्र आठवेना. काहीतरी फालतू केली होती एवढंच आठवत होतं. म्हणून मी लिहिलं, "चौथी चाल, काळा : कोणतीही." त्या वहीवरून तीस वर्षं पोरांना घोकवलं. पांढरे असाल तर बेधडक वजीर टाका. आणि समोरच्यानं तुमच्यावर ही युक्ती केली तर? वजिराला हात लावू नका. प्याद्यानं घोडा मारा. एक प्यादं जाईल, पण जीव वाचेल.

या ओसरीवर मागच्या बाकावर दोन मोठी माणसं बसायची. एक बिराजदार साहेब. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं फाईलवर शेरा मारल्यासारखं. मुलगी गिरिजा चौथीत असताना तिला माझ्या बुद्धिबळाच्या क्लासला सोडायला यायचे, ते तिथंच बसून स्वतः शिकले. गिरिजानं पुढं सोडलं, यांनी नाही. दुसरे मैंदर्गीचे अप्पा कलशेट्टी. तूर-हरभऱ्याचे व्यापारी. मार्केट यार्डात माल घातला, की माल विकेपर्यंतचा वेळ माझ्याकडे काढायचे. अर्धं मराठी, अर्धं कानडी, आवाज असा की शेजारची कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. दोघांची गट्टी मागच्या बाकावरच जमली आणि गिरिजा अप्पांच्या घरी सून म्हणून गेली. सोयरीक माझ्या ओसरीवर जमली, याचा मला केवढा तोरा! लग्नात पहिल्या पंगतीला बसले होते मी.

गेल्या वर्षी शहरात खुली स्पर्धा झाली आणि तिसऱ्या फेरीत हे दोन व्याही समोरासमोर आले. अप्पा पांढरे, बिराजदार काळे. पाचव्या चालीला अप्पांनी वजीर टाकला. बिराजदारांनी अर्धा तास विचार केला, वजीर सोडला आणि प्याद्यानं घोडा मारला. पुढं एका प्याद्याच्या जोरावर अप्पा जिंकले. इथवर ठीक होतं. पण बाहेर चहाच्या गाड्यावर चार लोकांत बिराजदार म्हणाले, "अप्पांनी वजीर फुकट टाकला होता. पण व्याह्याचा वजीर घेणं बरं दिसत नाही, म्हणून मी सोडला."

झालं! अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हंजे मी तुमच्या दयेवर जिंकलो व्हय? घ्यायचा हुता की ओ! कुणी हात धरला हुता?"

"मोठेपणा म्हणून काही असतो, अप्पा."

"मोठेपणा तुमच्या घरात ठिवा. मला बेडा!"

बेडा म्हणजे नको. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मला वाटलं, दोन रविवार रुसतील आणि येतील. पण तिसऱ्या आठवड्यात गिरिजाचा फोन आला. तिला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. ओटी भरायची आणि वडिलांनी येऊन माहेरी न्यायचं, ही रीत. आता अप्पा म्हणत होते, बिराजदार आपल्या तोंडानं 'मी सरळ हरलो' म्हणत नाहीत तोवर सून धाडणार नाही. बिराजदार म्हणत होते, अप्पा 'वजीर चुकून गेला' असं कबूल करत नाहीत तोवर त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. दोन्हीकडच्या बायकांनी डोकी आपटली. काही उपयोग नाही.

"बाई," गिरिजा म्हणाली, "मला आईकडं जायचंय हो. रात्रंदिवस तोच विचार येतो. इथं सासूबाई मायाळू आहेत, तक्रार नाही. पण पहिली वेळ आहे, मला भीती वाटते. आणि हे दोघं वजिरावरून भांडतायत."

"मग मी काय करू?"

"तुम्ही चिरफाड करा. तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य आहे. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि बाई, एक करा. या वेळी चौथी चाल बघा."

मी जरा रागावूनच फोन ठेवला. मला चौथी चाल बघायला सांगते! कालची पोर!

पण दुपारी पंख्याखाली पट मांडला. अप्पांनी कागद पाठवला होता. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी चाल, काळा : वजिराकडचा घोडा बाहेर. पाचवी चाल, पांढरा : वजीर उघडा टाकून घोड्यानं प्यादं मारलं. आणि मग मला दिसलं. बिराजदारांचा तो बाहेर आलेला घोडा समोरच होता. वजिराला हात लावायचं कारणच नव्हतं, प्याद्याचीही गरज नव्हती. त्या घोड्यानं पांढरा घोडा सरळ मारायचा! वर तोच घोडा काळ्या उंटालाही राखतो. म्हणजे पांढऱ्याची युक्ती खलास, घोडा फुकट गेलेला. काळ्याची चौथी चाल 'कोणतीही' नव्हती. तो घोडा बाहेर आलेला नसेल तरच ही करामत चालते.

सहाव्या चालीला एक घोडा कमी घेऊन माझ्यासमोर बसलेली सगळी पोरं डोळ्यांपुढं आली. त्यातलं एकही निष्काळजी नव्हतं. मी सांगितलं तेच करून ती हरली होती, आणि वर माझ्याच शिव्या खाऊन घरी गेली होती.

मग त्याहून वाईट आठवलं. दोन वेण्यांची, चौथीतली एक मुलगी उभी राहून विचारतेय, "बाई, पण घोडा घोड्यानं मारला तर?" आणि मी फळ्याकडे तोंड करूनच म्हणतेय, "गिरिजा, शहाणपणा नको. खाली बस." त्यानंतर एक-दोन महिन्यांत ती यायची बंद झाली. मी बिराजदारांना म्हणाले होते, मुलींचं असंच असतं, पुढं मन लागत नाही. स्वतः बाई असून म्हणाले होते. लाज वाटली मला, खरं सांगते.

तिला सगळं ठाऊक होतं तर. मग तिनं घरात का नाही सांगितलं, असं मी तिला लगेच फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू बाई? सासऱ्यांना सांगू की तुम्हाला खेळता येत नाही, का वडिलांना?" तिसरं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी बाकीच्या पोरांना सुट्टी दिली. अप्पा गाडी घेऊन आले, गिरिजाला शहरात डॉक्टरांना दाखवायचं होतंच. माझ्या घरापासून तिचं माहेर चालत दहा मिनिटांवर. ती ओसरीच्या टोकाला भिंतीला टेकून बसली आणि सारखी त्या रस्त्याकडं बघत होती. बिराजदार आले. व्याह्यांकडं न बघता त्यांनी मला नमस्कार केला, आणि दोन पेनांतलं एक काढून टेबलावर ठेवलं, निकालावर सही करायची असल्यासारखं.

नियमाप्रमाणं खुर्च्या बदलायला लावल्या. अप्पा आता काळे झाले, बिराजदार पांढरे. पाचव्या चालीपर्यंत डाव आणला, वजीर उघडा पडला.

"अप्पा, आता तुम्ही काळे. काय कराल?"

"करायचं काय त्यात? फुकटचा वजीर हाय. मी तर घेतला असता बगा." आणि त्यांनी दाणकन वजीर उचलला.

बिराजदारांचे डोळे लकाकले. उंटाचा शह. अप्पांचा राजा एक घर पुढं. घोड्याचा शह आणि मात. अप्पा आपल्याच युक्तीनं मेले.

"बघा!" बिराजदार टाळी वाजवून म्हणाले. "मी घेतला असता तर माझं असंच झालं असतं. मला काय कळत नव्हतं?"

अप्पांनी मान वर केली. मेलेल्या राजाकडं न बघता ते व्याह्यांकडं बघू लागले. ते मुद्दामच मेले होते.

"नोड्री बाई! बगा, काय म्हन्ले! घेतला असता तर मेलो असतो म्हन्ले. म्हंजे दया न्हाय, मोठेपणा न्हाय. भ्याले! व्याही भ्याले हुते! लिहून घ्या, पेन हितंच हाय!"

बिराजदारांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पेन उचलून खिशाला लावलं आणि उठलेच. "बोलवून घेऊन अपमान करायचा असेल तर मी चाललो. तुमची सून, तुमच्या घरी ठेवा."

"ठिवतो की! लई चांगली ठिवतो!"

मी गिरिजाकडं पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडं बघत होती, उत्तर माहीत असलेली मुलगी वर्गात बघते तशी. माझ्यापुढं वाट सोपी होती. दोघंही बरोबर खेळलात म्हणायचं, चहा टाकायचा, समजूत घालायची. बाईंचा शब्द राहिला असता. पण बिराजदार पायरीवर पोचले होते.

"थांबा," मी म्हणाले. "दोघंही बसा. अप्पा, तुमचा वजीर टाकणं चुकलं. बिराजदार, तुमचं प्याद्यानं मारणंही चुकलं. आणि दोन्ही चुका माझ्या आहेत."

अप्पांचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मी वही काढली आणि मोठ्यानं वाचलं, "चौथी चाल, काळा : कोणतीही." मग मी माझ्या खुर्चीतून उठले.

"गिरिजा, इकडं ये. इथं बस. चौथीत असताना तू मला काय विचारलं होतंस, ते पटावर करून दाखव."

ती सावकाश आली, पोट सांभाळत माझ्या खुर्चीत बसली. तिनं सगळ्या सोंगट्या पाचव्या चालीवर परत आणल्या. आणि हात लांब करून काळ्या घोड्यानं पांढरा घोडा उचलून बाजूला ठेवला. हळूच, आवाज न करता.

बिराजदार वाकले. अप्पा वाकले. दोन टकली एकमेकांना लागतील इतकी जवळ आली.

"उंट बी राखला की ओ," अप्पा पुटपुटले. "आन् वजीर जिथल्या तिथं. माझा घोडा फुकट गेला."

तेवढ्यात माझ्या जिभेची तीस वर्षांची खोड उफाळून आली. मी मान डोलवून, अगदी बाईंच्या सुरात म्हणाले, "हो, हे माझ्या लक्षात आलं होतं."

गिरिजा शांतपणे म्हणाली, "बाई, पाणी."

मी आत गेले. माठापाशी उभी राहिले. तीस वर्षांत पाणी आणायला मी कधी गेले नव्हते, पाचपन्नास पोरांना मात्र धाडलं असेल. तांब्या बुडवताना डोळे भरून आले आणि हसूही येत होतं. बाहेरून दोघांचे आवाज येत होते.

"अप्पा, खरं सांगतो. दया वगैरे काही नव्हती. बाईंनी घोकून घेतलं होतं, वजिराला हात लावू नका. भिऊन नाही लावला."

"मी तरी कुटं शूर ओ? बाई म्हन्ल्या टाका, मी टाकला. दर स्पर्धेत टाकतोय! दहा वर्सं!"

"माझी सतरा झाली."

"सतरा! अय्यो! ह्या बाईनं आपल्याला लई बुडवलं, साहेब."

"बुडवलं. निर्विवाद."

मी ट्रे घेऊन बाहेर आले तर दोघं मागच्या बाकावर, आपल्या जुन्या जागेवर, शेजारी शेजारी बसून आपण आजवर कुठं कुठं हरलो त्याची यादी करत होते. बिराजदार लिहीत होते, अप्पा सांगत होते. मला बघून दोघांनी माना फिरवल्या, एकदमच. दोन व्याह्यांचं जमलं होतं, माझ्याविरुद्ध का होईना. मी निमूटपणे दोघांपुढं पेले धरले.

पाणी पिऊन बिराजदार उठले, शर्ट नीट केला आणि अप्पांसमोर हात जोडले. "व्याही, मी मुलीला न्यायला येणार होतो. उशीर झाला. रीत म्हणून उद्या मैंदर्गीला येतो, ओटी भरून पाठवा."

"उद्या कशाला, आज दारापर्यंत आलीय की! आईला भेटू दे, आज हितंच राहू दे. ओटी आमी हितं यिऊन भरू. चला, गाडीत बसा. पुढं बसा, साहेब."

दोघं पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले. तिथं पुढं कुणी बसायचं यावरून तुम्ही बसा, न्हाय तुमी बसा, असा नवा वाद सुरू झाला. गिरिजा मात्र उठली नव्हती. तिनं एक पेला संपवला, दुसरा उचलला.

"गिरिजा, बाहेर थांबलेत," मी म्हणाले. "तीन आठवडे आईकडं जायचं म्हणून रडत होतीस ना? जा आता."

"जाते की. थांबू दे दोघांना जरा. मी लई थांबले." तिनं दुसरा पेलाही संपवला आणि पदरानं तोंड पुसलं. मग वही स्वतःकडं ओढली. "बाई, तुम्ही त्या दिवशी खाली बस म्हणालात ना, मी बसले ती बसलेच. परत पटाला हात लावला नाही. घरी बाबा खेळायचे, मी नुसती बघायची."

क्षमा माग म्हणून कुणाला सांगणं सोपं असतं, मी आयुष्यभर सांगत आले. स्वतः कधी मागितली नव्हती. शेवटी म्हणाले, "चुकलं गं माझं. फार चुकलं."

ती हसली. पट स्वतःकडं फिरवला, दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकेक करून मूळ घरात लावल्या. बाहेर अप्पांनी हॉर्न वाजवला. तिनं तिकडं बघितलंही नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं, विद्यार्थी बसतो त्या.

"बसा बाई," ती म्हणाली. "आता पहिल्या चालीपासून."